१९६७ च्या जनमत कौलात गोव्यातल्या उदारमतवादी माणसाने कोणत्या बाजूला असायला हवे होते?

अंत्रुजकर (धागाकर्ता)

दरवर्षी १६ जानेवारीला गोव्यात अस्मिताय दिस पाळला जातो आणि त्या दिवशीच्या भाषणांत व लेखांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. १९६७ साली गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा केंद्रशासित प्रदेश ठेवावा, यावर लोकांचा कौल घेतला गेला. त्यात ‘दोन पानां’वर, म्हणजे वेगळे राहण्यावर, शिक्का मारणारे ते मोकळ्या विचारांचे, आणि ‘फुला’वर, म्हणजे विलीनीकरणावर, शिक्का मारणारे ते भोळे तरी किंवा कोणाच्या तरी नादी लागलेले तरी. पुण्या-मुंबईच्या परिचितांशी बोलायला बसावे तर सगळे उलटे ऐकू येते. त्यांच्या लेखी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हे बहुजनांचे नेते, विलीनीकरणाची मागणी ही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचीच पुढची पायरी, आणि तिला विरोध करणारे म्हणजे भाटकार (जमीनदार), पाद्री व पोर्तुगीज रीतीभातींत रमलेली मंडळी. दोन्ही बाजू स्वतःला उदारमतवादी म्हणवतात आणि दोन्ही बाजूंना दुसरी बाजू प्रतिगामी वाटते.

माझे म्हणणे असे आहे, की गोव्यात उदारमतवाद दोन वेगळ्या वाटांनी आणि दोन वेगळ्या भाषांतून आला, आणि त्या दोन वाटांची गाठ कधी नीट पडलीच नाही. पहिली वाट पोर्तुगीज भाषेतली. १८२० च्या क्रांतीनंतर पोर्तुगालमध्ये राज्यघटना आली, गोव्याचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेवर निवडले गेले, त्यांतले एक बेर्नार्दो पेरिस द सिल्वा १८३५ साली गोव्याच्या कारभाराचे प्रमुखही झाले, आणि काही दिवसांतच त्यांची उचलबांगडी झाली. पुढे १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, त्याने हिंदूंना कायद्यापुढे बरोबरीचे स्थान दिले आणि लगेच पुढच्या वर्षी चर्च राज्यकारभारापासून वेगळे केले. या वाटेवरचा सर्वांत तेजस्वी माणूस म्हणजे चांदरचे लुईस द मिनेझिस ब्रागांझा. सालाझारच्या राजवटीने वसाहतींसाठी नवा कायदा आणला, तेव्हा १९३० साली विधिमंडळात उभे राहून गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क सोडणार नाही असा ठराव मांडणारा हा गृहस्थ. मात्र ते स्वतः मोठ्या भाटकार घराण्यातले होते आणि त्यांचे लेखन ज्या भाषेत होते, ती त्यांच्या भाटात राबणाऱ्या माणसाला वाचता येत नव्हती.

दुसरी वाट मराठीतली. डिसेंबर १९६३ मध्ये प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली आणि तीस जागांच्या विधानसभेत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष मित्रपक्षासह सोळा जागा घेऊन सत्तेवर आला. काँग्रेसला, म्हणजे त्या काळी साऱ्या देशाला उदारमतवादाचे धडे देणाऱ्या पक्षाला, खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही. बांदोडकरांनी गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या आणि कूळकायदा आणला. नागरिकाचे हक्क कागदावर मांडणे हे पहिल्या वाटेचे काम होते, तर शाळेच्या बाकावर आणि शेताच्या बांधावर माणसाला उभे राहायला जागा देणे हे दुसऱ्या वाटेचे.

महाराष्ट्रातही असे दोन प्रवाह होतेच. पण १८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले, ते मराठीत पत्र लिहून. दोघांचे भांडण एकाच भाषेत झाले, म्हणून ते पुढच्या पिढ्यांना वाचता आले, त्यावर वाद घालता आला आणि आगरकर, शिंदे, शाहू महाराज यांना त्यातून वाट काढता आली. मिनेझिस ब्रागांझा आणि बांदोडकर यांच्या जगांत असे पत्र कोणी कोणाला लिहिलेच नाही. परिणामी जो वाद जमिनीचा, शिक्षणाचा आणि हक्कांचा व्हायला हवा होता तो १९६७ साली नकाशाचा झाला आणि १९८५ ते ८७ या काळात भाषेचा.

कौलाचे आकडे सर्वांना ठाऊक आहेत: वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. मला यात गोंधळ दिसत नाही. लोकांना बांदोडकरांचे सरकार हवे होते आणि मुंबईचे नको होते. तर सांगा, उदारमतवादी माणसाने कोणता शिक्का मारायला हवा होता?

कृष्णाकाठ

अंत्रुजकर साहेब, मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, नोकरीमुळे वास्कोत स्थायिक झालो. धागा वाचून आनंद झाला, पण ‘महाराष्ट्राचा उदारमतवाद’ असा एक सलग पदार्थ आपण मांडला आहे, तो मला मान्य नाही. पुण्यात प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, ‘सुधारक’ अशी परंपरा दिसते. कोल्हापुरात १९०२ साली शाहू महाराजांनी निम्म्या सरकारी जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, तेव्हा पुण्यातल्या कित्येक नामवंत उदारमतवाद्यांना तो अन्याय वाटला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथल्या सुधारकाच्या डोक्यात आधी राजवट उलथण्याचा प्रश्न होता, जातीचा प्रश्न मागून आला. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि दलित वस्त्या जळाल्या, तेव्हा हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेली माणसेसुद्धा दोन्ही बाजूंना सापडली. तो प्रश्न मिटायला १९९४ साल उजाडले, आणि तेही नामांतराचा नामविस्तार करूनच.

आता आपल्या प्रश्नाबद्दल. संयुक्त महाराष्ट्र समितीत एस. एम. जोशी होते, डांगे होते, अत्रे होते. मराठी राज्याची मागणी ही तेव्हा मुंबईच्या भांडवलदारांविरुद्ध कामगारांची मागणी होती, म्हणून ती पुरोगामी होती. समितीच्या चष्म्यातून गोव्याकडे पाहणाऱ्याला विलीनीकरण पुरोगामी वाटणे अगदी स्वाभाविक होते. पण मुंबईत जी मागणी दुबळ्याने बलवानाकडे केली होती, तीच मांडवीच्या काठावर बलवानाने दुबळ्याकडे केल्यासारखी दिसू लागली. एवढे ओळखायला त्यांपैकी फार थोड्यांना जमले. मी तेव्हा मतदार असतो तर दोन पानांवरच शिक्का मारला असता, आणि माझ्या वडिलांनी मला घरात घेतले नसते.

सासष्टीकर

माझी मातृभाषा कोंकणी आहे आणि मी शाळेत मराठी शिकलो, म्हणून इथे मराठीत लिहितो. अंत्रुजकरबाब, तुम्ही विलीनीकरणविरोधी युनायटेड गोअन्स पक्षाचे नेते डॉ. जॅक द सिक्वेरा यांचे नाव एकदाही घेतले नाही, याची खंत वाटली. विलीनीकरणाचा निर्णय विधानसभेतल्या साध्या बहुमताने उरकून टाकता आला असता. तो थेट लोकांना विचारून व्हावा, हा आग्रह सिक्वेरांचा होता. शिवाय मतदान नि:पक्षपाती व्हावे यासाठी कौलाआधी बांदोडकर सरकारने राजीनामा दिला, हेसुद्धा तितकेच उमदे होते. निकालाइतकेच महत्त्व तो निकाल कसा लावला याला देणे, हेच मी उदारमतवादाचे लक्षण मानतो, आणि त्या कसोटीवर १९६७ साली दोन्ही बाजू आजच्या पक्षांपेक्षा पुष्कळ वरच्या ठरतात.

विरोधाची कारणेही केवळ पाद्री आणि भाटकार यांच्यापुरती नव्हती. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती, त्यामुळे माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराला आणि काजूची फेणी गाळणाऱ्याला आपला धंदाच जाईल अशी भीती होती. गोव्याची स्वतःची विधानसभा जाऊन मुंबईच्या मोठ्या सभागृहात दोन-चार डझन खुर्च्यासुद्धा मिळणार नव्हत्या. आणि ‘राष्ट्रमत’ दैनिकातून उदय भेंब्रे जे रोज लिहीत होते ते मराठीत लिहीत होते, ही गोष्ट मराठीप्रेमी विसरतात. मराठी वाचणाऱ्या हिंदूंना मराठीतून पटवल्याशिवाय ५४ टक्के मते पडली नसती, कारण नुसत्या ख्रिस्ती मतांवर तो आकडा गाठणे शक्यच नव्हते. तेव्हा दोन वाटांची गाठ पडलीच नाही, हे तुमचे विधान थोडे आवरून घ्या. एकदा पडली होती, आणि तीसुद्धा तुमच्याच भाषेत.

आमच्याही वाट्याला पुढे गोडच आले असे नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी ठेवली ती देवनागरीतली. माझ्या आजीची प्रार्थनेची पुस्तके, तियात्राची गाणी, सारे रोमी लिपीत. आंदोलनात रस्त्यावर उतरलेल्यांत रोमी वाचणारे भरपूर होते, कायदा झाला तेव्हा मात्र ते बाहेर राहिले.

मुंडकाराची लेक

मी प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या वडिलांनी फुलावर शिक्का मारला होता आणि त्याबद्दल त्यांना शेवटपर्यंत पश्चात्ताप नव्हता. महाराष्ट्र त्यांनी तोवर पाहिलेलाही नव्हता. त्यांच्या दृष्टीने फूल म्हणजे भाऊंची बाजू, आणि भाऊंची बाजू म्हणजे भाटकाराच्या विरुद्धची बाजू. एवढा साधा हिशेब होता.

इथे सारे जण मोठ्या माणसांची नावे घेत आहेत, म्हणून मुंडकार असणे म्हणजे काय ते थोडे सांगते. घर आमचे, घराखालची जमीन भाटकाराची. भिंत आमच्या आजोबांनी चिखलाची रचलेली, वासे आमच्या पैशांचे, पण पावसाळ्यापूर्वी नळे बदलायचे तर भाटकाराच्या घरी जाऊन अंगणात उभे राहायचे. आत बसा असे कोणी म्हणत नसे. विहिरीला कठडा बांधायचा तर परवानगी, मुलीच्या लग्नाला मांडव घालायचा तर परवानगी, पायखाना बांधायचा तर तीनदा परवानगी आणि तरीही नकार. परवानगीच्या बदल्यात नारळ पाडायच्या दिवशी घरातला एक माणूस फुकट राबायला जायचा. आमचा भाटकार हिंदू होता. नव्या काबिजादीत (पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या तालुक्यांत) बहुतेक ठिकाणी तेच चित्र होते, कुठे सरदेसाई, कुठे देवस्थान. भाटकार म्हणजे सासष्टीचा ख्रिस्ती जमीनदार, असे जे चित्र पुण्याच्या लोकांच्या मनात असते, त्यात आमच्या आयुष्यातली अर्धी गोष्ट हरवते.

बांदोडकरांनंतर त्यांची मुलगी शशिकला काकोडकर, म्हणजे आमच्या ताई, मुख्यमंत्री झाल्या. १९७५ सालचा मुंडकार संरक्षण कायदा आणि कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती, जिने २० एप्रिल १९७६ हा दिवस धरून कुळाला जमिनीचा मालक मानले, हे दोन्ही ताईंच्या कारकिर्दीतले. महाराष्ट्रात इतकी थोर सुधारक परंपरा असूनही आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री झालेली नाही. इथे १९७३ सालीच झाली, आणि ती ज्या पक्षाला उदारमतवादी म्हणायला सहसा कोणी तयार होत नाही त्या पक्षाची. ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगते.

कायदा झाला म्हणून सारे मिळाले, असे मात्र झाले नाही. मुंडकाराने जागा विकत घेण्यासाठी मामलेदाराकडे दावा लावायचा असतो. आमचा दावा वडिलांनी लावला, त्यांच्यामागे आईच्या नावावर चालला, आता आम्ही भावंडे तारखांना जातो. भाटकाराचे वारस मुंबईत, लिस्बनमध्ये, कॅनडात विखुरलेले. एकाला नोटीस पोचली नाही की तारीख पुढे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आमचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यातच आहे.

दस्तऐवज

मी मडगावला वकिली करतो. बाय, तुमच्या दाव्याबद्दल इथे जाहीरपणे काही सांगणे बरे नव्हे, पण वारसांना नोटीस लागू न होणे हा आजार सर्वत्र आहे.

या चर्चेत एक विषय अजून कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण प्रदेश बदलला की उदारमतवादाची बाजू कशी बदलते, याचे सर्वांत ठळक उदाहरण तेच आहे. तो विषय म्हणजे समान नागरी कायदा. देशभरात हा कायदा मागणारा उजव्या बाजूचा आणि त्याला विरोध करणारा उदारमतवादी, अशी सध्याची विभागणी. गोव्यात मात्र १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली, आणि तिचे रक्षण व्हावे असे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान यांतल्या बहुतेकांना वाटते. इथला ख्रिस्ती उदारमतवादी दिल्लीतल्या चर्चेत समान कायद्याला विरोध करतो आणि मडगावात त्याच संहितेचा अभिमान बाळगतो. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्याचा दाखला देऊन प्रशंसा केली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत दोन्ही छावण्यांतले लोक होते.

संहितेचे व्यवहारातले रूप पाहायचे असेल तर उपनिबंधकाच्या कार्यालयात अर्धा दिवस बसावे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी तिची. घर वा जमीन विकायची तर दोघांच्या सह्या हव्यात, मग ती जमीन नवऱ्याच्या आजोबांकडून आलेली का असेना. बापाला मुलांना, त्यांत मुलीही आल्या, पूर्णपणे डावलून मृत्युपत्र करता येत नाही, कारण मालमत्तेचा अर्धा भाग वारसांसाठी राखीव असतो. महाराष्ट्रातल्या सुधारकांनी स्त्रीच्या वाट्यासाठी अनेक दशके जे मागितले, त्यातले पुष्कळसे इथे परकीय राजवटीच्या कायद्यात आयते लिहिलेले होते.

आता दुसरी बाजू. त्याच कार्यालयात दुसऱ्या टेबलावर बहिणी हक्कसोडीच्या दस्तावर सह्या करत असतात. भाऊ शेजारी उभा, वहिनीने आणलेली साडी पिशवीत, आणि बहीण न वाचता पानामागून पानावर सही करते. कायदा तिला वाटा देतो आणि घर तो तिच्याकडून परत घेते. शिवाय संहिता वाटते तितकी समानही नाही. चर्चमध्ये लागलेल्या विवाहांसाठी वेगळी वाट आहे. आणि हिंदूंच्या रूढींसाठी १८८० साली जो हुकूमनामा निघाला, त्यात बायकोला तिच्या वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झाले नाही किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही तर काही अटींवर दुसरी बायको करण्याची मुभा होती. व्यवहारात ती कोणी वापरत नाही, पण अभिमानाच्या भाषणांत ती कोणी सांगतही नाही. उत्तराखंडने २०२४ साली आपला समान कायदा केला, त्यात लग्नावाचून एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनाही नोंदणी सक्तीची केली. नाव एकच असले तरी गोव्याच्या संहितेचे आणि त्या कायद्याचे अंतरंग फार निराळे आहे.

आणखी एक. मालमत्तेत निम्मा वाटा असलेल्या या स्त्रियांपैकी २०२२ साली चाळीस जागांच्या विधानसभेत किती पोचल्या? तीन.

अंत्रुजकर

सासष्टीकरबाब, ‘राष्ट्रमत’चा मुद्दा मला पूर्णपणे पटला आणि तो माझ्या मांडणीत बसवावा लागेल. मराठीतून मराठीप्रेमी वाचकालाच विलीनीकरणाच्या विरोधात वळवणे, हे त्या काळी गोव्यातच घडू शकत होते.

पण त्याचीच पुढची गोष्ट बघा. १९९० साली प्राथमिक शाळांना अनुदान फक्त कोंकणी आणि मराठी माध्यमासाठी द्यायचे असे धोरण ठरले, तेव्हा शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री होत्या. २०११ साली दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान जाहीर केले आणि भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्या मंचावर ताई होत्या, १९८७ साली ताईंच्या विरुद्ध उभे ठाकलेले कोंकणीवादी होते आणि संघाचे सुभाष वेलिंगकरही होते. समोरच्या बाजूला, माझ्या मुलाला कोणत्या भाषेत शिकवायचे ते मी ठरवीन, असे म्हणणारे पालक. पुस्तकी अर्थाने पाहिले तर व्यक्तिस्वातंत्र्याची भाषा पालक बोलत होते आणि राज्याने निवड ठरवावी असे मंच म्हणत होता. २०१२ साली सत्ता बदलली तरी अनुदान चालूच राहिले, आणि २०१६ साली या प्रश्नावर आपल्याच सरकारशी भांडणाऱ्या वेलिंगकरांना संघाने पदावरून दूर केले. या संपूर्ण प्रकरणात उदारमतवादी कोण होते, हे मला मुंबईच्या एका संपादक मित्राला समजावून सांगता आले नाही. त्याने शेवटी विषय बदलून मासळीचा भाव विचारला.

गोमांसाचेही तेच. महाराष्ट्रात २०१५ साली भाजप सरकारच्या काळात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्याच पक्षाच्या सरकारने गोव्यात तसे काही केले नाही, आणि करणारही नाही असे त्याचे नेते इथे येऊन सांगतात. पक्ष तोच, पण राज्याच्या सीमेवर सिद्धांत गुंडाळून ठेवावा लागतो.

वाळपईकडचा

मंडळी, तुम्ही प्रदेश म्हणजे गोवा आणि महाराष्ट्र एवढेच धरून चालला आहात. पणजीचा उदारमतवाद आणि आमच्या सत्तरी तालुक्याचा उदारमतवाद यांच्यात जेवढे अंतर आहे, तेवढे पुणे आणि पणजीतही नसेल.

२०२० च्या अखेरीस आणि २०२१ च्या सुरुवातीला मेळावलीत आयआयटीच्या विरोधात आंदोलन झाले तेव्हा पणजी-मडगावहून सारे पर्यावरणवादी आमच्याकडे आले, बायकांबरोबर रस्त्यावर बसले, आणि जानेवारीत सरकारने प्रकल्प तिथून हलवला. त्यांचे उपकार आम्ही मानतो. पण जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने म्हादई अभयारण्य आणि लगतच्या क्षेत्राला व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा याच मंडळींनी आनंद साजरा केला आणि आमच्या गावात त्या रात्री चुली पेटल्या तरी जेवण कोणाला गेले नाही. कारण साधे आहे. सत्तरीत पिढ्यान्‌पिढ्या काजू लावलेल्या जमिनी आल्वारा, मोकासो, सरकारी अशा नावांखाली अडकून पडल्या आहेत. आमच्या ताब्यात आहेत, नावावर नाहीत. मेळावलीत आम्ही ज्या कारणासाठी उठलो, त्याच कारणासाठी व्याघ्र प्रकल्पाला घाबरतो. पणजीच्या माणसाला पहिल्या वेळी आम्ही निसर्गाचे रक्षक दिसलो आणि दुसऱ्या वेळी अतिक्रमण करणारे.

मला वाघ नको आहे असे समजू नका. म्हादई वाचली नाही तर खाली मांडवीही राहणार नाही. म्हादई पाणीवाटप लवादाने २०१८ साली कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी देऊ केले, तेव्हापासून आम्ही त्याविरुद्ध ओरडतो आहोत. आधी माझ्या काजूच्या बागेचा कागद द्या आणि मग वाघाची हद्द आखा, एवढाच माझा क्रम आहे.

कृष्णाकाठ

वाळपईकर आणि बाय यांचे प्रतिसाद वाचल्यावर माझा एक बोचरा प्रश्न विचारतो, कोणी रागावू नये. गोव्यातला आजचा उदारमतवादी जमीन वाचवतो, डोंगर वाचवतो, शेत वाचवतो. ते योग्यच आहे. २००७ साली प्रादेशिक आराखडा मागे घ्यायला लावणारे लोक मला आदरणीय वाटतात. पण त्याच तोंडून ‘भायले’ (बाहेरचे) आणि ‘घाटी’ हे शब्द इतक्या सहजतेने येतात, की कोट्यवधींचा बंगला विकत घेणारा दिल्लीवाला आणि बायपासच्या पुलाखाली सळ्या बांधणारा विजापूरचा मजूर हे दोघेही एकाच शब्दात बसतात. बंगलेवाल्याला त्याने काही फरक पडत नाही. मी इतकी वर्षे वास्कोत राहूनही बाजारात अजून घाटीच आहे. सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, कोंकणी येणे आवश्यक आणि मराठी आले तर बरे, असा नियम असतो. तो नियम मला मान्य आहे, छोट्या राज्याला तेवढा अधिकार हवाच. माझा प्रश्न पुलाखालच्या माणसाबद्दल आहे. तुमच्या दोन वाटांपैकी तो कोणत्या वाटेवर बसतो?

मुंडकाराची लेक

बसतो कुठे ते मी सांगू शकते, माझ्या वर्गात बसतो. आमच्या गावची सरकारी मराठी शाळा भाऊंच्या काळातली. आज पटावरच्या निम्म्याहून अधिक मुलांची घरची भाषा कन्नड आहे, दोघा-तिघांची हिंदी. गावातल्यांची मुले पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. ज्यांच्या आजोबांसाठी ही शाळा उघडली त्यांनी ती सोडली, आणि ज्यांना मराठी शाळेतच ऐकू येते ती मुले ती चालू ठेवत आहेत. ही मुले नसती तर पट कमी झाला म्हणून शाळा केव्हाच दुसरीकडे जोडली गेली असती. ‘पाऊस’ या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या तर एका मुलीने लिहिले, की पाऊस आला की अण्णाचे काम थांबते आणि आम्ही गावी जातो. शुद्धलेखन बिनचूक होते.

गेल्या ग्रामसभेत ठराव आला, की परप्रांतीयांना खोली भाड्याने देण्यापूर्वी पंचायतीची लेखी परवानगी घ्यावी. मी उभी राहून विरोध केला. शिक्षिका म्हणून पटाची काळजी आहे, म्हणून बोलते, असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. ते खोटेही नव्हते. ठराव मांडला आमच्या भाटकाराच्या पुतण्याने आणि त्याला अनुमोदन दिले ते माझ्या सख्ख्या चुलतभावाने. एकमेकांशी न्यायालयात भांडणारी ही दोन घरे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका मताची झाली.

वकीलबाब, असा ठराव कायद्यात टिकतो का?

दस्तऐवज

टिकू नये. देशात कुठेही राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने नागरिकाला दिला आहे, त्यावर निर्बंध घालायचा तर तो कायद्याने आणि वाजवी असावा लागतो. ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. भाडेकरूंची पोलिसांकडे माहिती देणे ही वेगळी बाब आहे, ती घरमालकाची जबाबदारी आणि तिच्याशी पंचायतीच्या परवानगीचा संबंध नाही. ठरावाची प्रमाणित प्रत पंचायत सचिवाकडे लेखी अर्ज करून मागून घ्या, तोंडी मागू नका. इतिवृत्तात तुमचा विरोध नोंदवला आहे की नाही तेही पाहा, कारण पुढे जायचे ठरले तर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.